'आम्ही' आणि 'आपण' : वस्ती विरुद्ध टोळी या चित्रपटप्रकाराची भाषा

इंग्रजीत ज्या चित्रपटांना 'एक्सप्लॉइटेशन' म्हणतात त्यांना मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. 'शोषणपट' हा शब्द काही अनुवादकांनी योजिला आहे. परंतु तो ऐकताच वाचकाच्या मनात शोषणाविषयीचा, म्हणजे बहुधा सावकाराविषयीचा अथवा गिरणीमालकाविषयीचा चित्रपट उभा राहतो. मूळ इंग्रजी संज्ञेचा रोख विषयावर नसून निर्मात्याच्या व्यवहारावर आहे. अल्प भांडवल घालावयाचे, प्रेक्षकाच्या मनातील एखादी ताजी भीती किंवा लालसा हेरावयाची आणि तिच्या बळावर तिकिटे खपवावयाची, असा हा व्यवहार. मराठीत 'गल्लाभरू' हे विशेषण फार पूर्वीपासून रूढ आहे. त्यात तिकीटविक्रीचा उपहास आहे, पण कशाच्या जिवावर गल्ला भरला याचा निर्देश नाही. 'दुःखाचे भांडवल करणे' हा आपला वाक्प्रचार मात्र अर्थाच्या अगदी निकट जातो. प्रस्तुत लेखात 'गल्लाभरू' हाच शब्द वापरला आहे. तो वाचताना हा वाक्प्रचार मनात ठेवावा, एवढीच विनंती.

या चित्रपटांची एक शाखा अशी आहे, की तीत शहरातील एखाद्या वस्तीवर गुंडांची टोळी सत्ता गाजविते, पोलीस येत नाहीत किंवा येऊन उपयोग होत नाही, आणि अखेरीस रहिवासीच हातात मिळेल ते घेऊन उठतात. अमेरिकेत या शाखेचा बहर १९७४ च्या 'डेथ विश'नंतर आला. १९८५ या एकाच वर्षी तिचे दोन ठळक नमुने निघाले. रॉबर्टा फिंडली या दिग्दर्शिकेच्या 'टेनेमेंट'मध्ये न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्स भागातील एका जीर्ण इमारतीत रहिवासी आणि टोळी यांची एका रात्रीची झुंज आहे. मायकेल विनर यांच्या 'डेथ विश ३'मध्ये इमारतीतले वृद्ध भाडेकरू एका बाहेरून आलेल्या बंदूकधाऱ्याच्या प्रेरणेने शेवटी खिडक्या उघडून लढतात. याही चित्रपटात शहर न्यूयॉर्कच आहे, पण खर्च वाचावा म्हणून त्याचे बरेचसे चित्रण लंडनमध्ये झाले. एक इमारत, एक गल्ली, फारशी ख्याती नसलेले नट, तीन-चार खोल्या : विषय आणि भांडवल यांचा मेळ येथे इतका नैसर्गिक आहे, की गरिबीनेच हा प्रकार जन्मास घातला असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

आपल्याकडे या प्रकाराचे काय झाले, हा या लेखाचा विषय आहे. आणि लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक असल्यामुळे तो चित्रचौकटींपेक्षा शब्दांकडे अधिक पाहणार, हे ओघानेच आले.

प्रथम एक गोष्ट नोंदवली पाहिजे. मराठी चित्रपटाने ही शाखा आपलीशी केली नाही. कोल्हापूरच्या चित्रनगरीतून जे चित्रपट निघाले, त्यांतील अन्यायकर्ता बहुधा गावचा पाटील, सरपंच अथवा कारखान्याचा अध्यक्ष असतो. 'सामना' (१९७४) मधील निळू फुले यांचा हिंदुराव धोंडे पाटील हा त्याचा सर्वांत प्रगल्भ अवतार. या अन्यायकर्त्याला टोळी लागत नाही. त्याच्यापाशी जमीन, पतपेढी आणि निवडणूक असते. शहरी गुंड मात्र मुंबईचा, आणि मुंबईच्या पडद्याची भाषा हिंदी. परिणामी चाळीतील मराठी माणसाने गुंडाशी केलेला झगडा आपण मराठीत क्वचितच ऐकला. तो मराठी लेखक-दिग्दर्शकांनी रचला, मराठी नटांनी उभा केला, आणि हिंदीत बोलून दाखविला. गोविंद निहलानी यांचा 'अर्धसत्य' (१९८३) श्री. दा. पानवलकर यांच्या 'सूर्य' या मराठी कथेवरून निघाला, पटकथा विजय तेंडुलकरांची, रामा शेट्टीच्या भूमिकेत सदाशिव अमरापूरकर, चित्रपट हिंदी. तो गल्लाभरू नव्हे, आणि त्यात लढणारा पोलीस अधिकारी आहे, वस्ती नाही. तथापि भाषांतराची ही वाट त्यात स्पष्ट दिसते.

या वाटेवर गुंडाचा शब्दसंग्रह मात्र जवळपास जसाच्या तसा टिकला, आणि तो तपासण्यासारखा आहे. 'दादा' हा शब्द घ्या. थोरला भाऊ, वडीलधारा, आदरणीय पुरुष, हे त्याचे घरगुती अर्थ आजही शाबूत आहेत. त्याच शब्दाने गल्लीतला जबरदस्त ओळखला जातो, आणि 'गिरी' हा फारसी प्रत्यय लागून 'दादागिरी' होते. 'भाई'ची कथा कोल्हापूरकरांस अधिक चमत्कारिक वाटेल. शेतकरी कामगार पक्षाच्या परंपरेत 'भाई' हे सहकाऱ्याचे संबोधन होय. भाई माधवराव बागलांच्या या नगरीत त्या शब्दाला चळवळीचा सुगंध होता. मुंबईच्या पडद्याने दोन दशकांत त्याचा अर्थ इतका पालटला, की आज विद्यार्थ्यास 'भाई' म्हणताच पिस्तूल आठवते. 'हप्ता' हा मुळात सात दिवसांचा आठवडा. त्यावरून दर आठवड्याचे देणे, त्यावरून कर्जाची ठरीव रक्कम, आणि त्यावरून दुकानदाराने गुंडाला द्यावयाचा कर. 'खंडणी' ही 'खंडणे', म्हणजे रक्कम ठरवून टाकणे, या धातूपासून आली असून मराठेशाहीच्या कागदपत्रांत तो राजकीय व्यवहाराचा प्रतिष्ठित शब्द आहे. 'सुपारी' तर लग्नाची. तमाशाच्या फडाने गावजत्रेचा खेळ स्वीकारला म्हणजे त्याने 'सुपारी घेतली' असे आजही या जिल्ह्यात म्हणतात, आणि त्याच क्रियापदाने माणूस मारण्याचा ठेका घेतला जातो.

हे शब्द कोठून आले पाहा : कुटुंबातून, पक्षातून, पेढीवरून, दरबारातून, मांडवातून. टोळीने स्वतःची अशी गुप्त भाषा फारशी घडविली नाही; तिने समाजातील अधिकृत नात्यांचीच नावे धारण केली. म्हणून तिला नकार देणे रहिवाशाला अवघड जाते. ज्याला 'दादा' म्हणावयाचे त्याला 'नाही' म्हणावयाचे, यात व्याकरणाची नसली तरी संस्काराची अडचण आहे. शासनालाही हा शब्द टाळता आला नाही. बंगालमध्ये १९२३ साली 'गुंडा' हा शब्दच कायद्याच्या शीर्षकात गेला होता. महाराष्ट्राच्या १९८१ च्या स्थानबद्धता कायद्यात इंग्रजी 'स्लमलॉर्ड'साठी मराठी वृत्तपत्रांतून व आदेशांतून 'झोपडपट्टीदादा' असा उल्लेख होत असतो. (याच कायद्याच्या कक्षेत पुढे चित्रफितींची चोरटी नक्कल करणारेही आणले गेले. गल्लाभरू चित्रपटांचे निम्मे आयुष्य ज्या चोरट्या फितींवर गेले, त्यांचा विक्रेता आणि पडद्यावरचा दादा अशा रीतीने एकाच यादीत येऊन बसले.)

गुंडाची भाषा एवढी समृद्ध, तर रहिवाशाची भाषा कोणती? लेखाचा खरा गाभा येथे आहे.

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन सर्वनामे आहेत. 'आम्ही' म्हणजे मी आणि माझे, श्रोता वगळून. 'आपण' म्हणजे मी आणि श्रोता मिळून. गुजरातीत हा भेद आहे, तेलुगूत आणि तमिळमध्ये आहे. प्रमाण हिंदीत नाही, आणि आपल्या शेजारच्या आधुनिक कन्नडनेही तो गमावला आहे. 'हम' या एकाच शब्दात दोन्ही सामावतात. वस्ती आणि टोळी यांच्या कथेत हा भेद केवळ व्याकरणाचा राहत नाही. शेजाऱ्याला उद्देशून म्हटलेले 'आपण' ही संघटना होय; गुंडाला अथवा पोलिसाला उद्देशून म्हटलेले 'आम्ही' हे आव्हान होय. रहिवाशांचा उठाव म्हणजे 'आपण'पासून 'आम्ही'पर्यंतचा प्रवास, असेही म्हणता येईल.

परंतु चाळीतील रोजच्या मराठीत 'आपण'ची गत काय आहे? सर्वांत अधिक ऐकू येणारे वाक्य 'आपल्याला काय त्याचे?' हे आहे. समावेशक सर्वनाम येथे नेमके अंग काढून घेण्यासाठी वापरले जाते. बोलणारा श्रोत्यालाही आपल्या माघारीत सामील करून घेतो. त्याच्या जोडीला कर्ता नसलेली वाक्ये येतात : 'कशाला नादी लागायचे', 'गप्प बसावे हे बरे', 'कोण बोलणार'. भीतीला मराठीत स्वतःचे वाक्यरूप आहे, आणि त्यात कर्त्याची जागा रिकामी असते. दुसरीकडे फुशारकीचे 'आपण' आहे : 'आपण कोणाला घाबरत नाही.' येथे रूप अनेकवचनी, अर्थ सर्वस्वी एकवचनी. मुंबईच्या हिंदीतील 'अपुन' या शब्दाला ज्या मराठी-गुजराती प्रयोगांचे पाठबळ आहे त्यांत हा फुशारकीचा प्रयोग महत्त्वाचा असावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पडद्यावरचा 'अपुन' बहुधा 'मी' असतो. श्रोत्याला कवेत घेणारा शब्द हिंदी पडद्यावर पोहोचला तो एकट्या छातीठोक पुरुषाचा होऊन.

हे ध्यानात घेऊन एन. चंद्रा यांच्या दोन चित्रपटांकडे वळू. गुलजारांच्या हाताखाली उमेदवारी केलेल्या आणि संकलक म्हणून तयार झालेल्या या मराठी दिग्दर्शकाने १९८६ साली 'अंकुश' हा अल्प खर्चाचा चित्रपट काढला. नाना पाटेकर तेव्हा रंगभूमीवरचे म्हणूनच अधिक परिचित होते. कथेत गल्लीच्या नाक्यावर बसणारे चार बेकार तरुण आहेत, म्हणजे रूढ अर्थाने टोळीच. वस्तीत राहावयास आलेल्या एका सुशिक्षित मुलीमुळे ते मार्गावर येतात. तिच्यावर तिचा मालक व त्याचे साथीदार अत्याचार करतात. न्यायालयात आरोपी सुटतात. ती आत्महत्या करते. चौघे मिळून त्या धनिकांना मारतात आणि शिक्षा पत्करतात. अमेरिकन नमुन्याची येथे उलटापालट झाली आहे. गिरण्यांचा १९८२ चा संप नुकताच विस्कटला होता. नाक्यावरचा बेकार मुलगा मुंबईकर प्रेक्षकाला परका नव्हता, तो त्याच्याच घरातला होता. त्याला शत्रू करणे धंद्याच्या दृष्टीनेही शहाणपणाचे ठरले नसते. शत्रू वस्तीच्या बाहेर, गाडीतून येणारा, असा ठेवला गेला. मात्र उरलेली वस्ती कोठे आहे? ती पाहते, हळहळते, आणि चौघांना पुढे जाऊ देते.

'प्रतिघात' (१९८७) हा अधिक कठोर, आणि माझ्या मते या प्रकारातला अधिक प्रामाणिक चित्रपट. तो टी. कृष्णा यांच्या 'प्रतिघटना' (१९८५) या तेलुगू चित्रपटावरून घेतला आहे. नायिका महाविद्यालयात शिकविणारी. काली या गुंडाविरुद्ध साक्ष द्यावयास ती धजते म्हणून तिची भर रस्त्यात विटंबना होते. त्या दृश्यात दारे-खिडक्यांतून लोक उभे आहेत आणि कोणी बोलत नाही. या चित्रपटाचे सगळे सामर्थ्य त्या न बोलण्यात आहे, आणि त्याचे गल्लाभरूपणही त्याच दृश्यात आहे. प्रेक्षक तिकीट काढून त्याच मूक जमावात जाऊन उभा राहतो. त्याला लाजही वाटावी आणि दृश्यही दिसावे, अशी ती सोय. शेवटी ती एकटी, व्यासपीठावर, कुऱ्हाडीने गुंडाला संपविते. मूळ तेलुगूला 'मनम्' आणि 'मेमु' असा समावेशक-व्यावर्तक भेद उपलब्ध होता. दिग्दर्शकाच्या स्वतःच्या मातृभाषेलाही तो उपलब्ध होता. ज्या भाषेत तो नाही, नेमक्या त्या भाषेत हा चित्रपट आपल्यापर्यंत आला.

वस्ती स्वतः उठली असा प्रसंग महाराष्ट्राच्या इतिहासात घडला, तो मात्र पडद्यावर नव्हे. नागपुरातील कस्तुरबानगर या वस्तीत अक्कू यादव या गुंडाने अनेक वर्षे खंडणी, खून आणि बलात्कार यांचा कहर माजविला होता. तक्रारी निष्फळ ठरल्या. ऑगस्ट २००४ च्या पहिल्या आठवड्यात रहिवाशांनी त्याचे घर उद्ध्वस्त केले. तो पोलिसांच्या स्वाधीन झाला. आणि १३ ऑगस्ट रोजी जिल्हा न्यायालयात हजर केला असता जमावाने मिरचीपूड व शस्त्रे यांनिशी त्याला ठार केले. जमावातील स्त्रियांची संख्या वृत्तांतांत सुमारे दोनशे अशी दिली गेली. पोलिसांनी काहींना अटक करताच वस्तीतल्या इतर स्त्रियांनी, आम्हा सर्वांनाच धरा, अशी भूमिका घेतली. खटला दहा वर्षे चालला. आरोपींत स्त्रिया होत्या, पुरुषही होते. २०१४ साली पुराव्याअभावी त्यांची निर्दोष मुक्तता झाली.

त्या स्त्रिया नेमके कोणत्या शब्दांत बोलल्या, मराठीत की नागपुरी हिंदीत, यावर येथे काही रचावयाचे नाही. पण ते विधान मराठीत मांडले तर त्याचे रूप काय होते हे पाहण्यासारखे आहे. 'आम्ही त्याला मारले.' हा भावे प्रयोग. क्रियापद कर्त्याशी जुळत नाही, कर्माशीही जुळत नाही. ते नपुंसकलिंगी एकवचनात स्थिर राहते. 'मी त्याला मारले', 'आम्ही त्याला मारले', 'त्यांनी त्याला मारले' : तिन्हींत क्रियापद एकच. मारणारा एक की दोनशे, स्त्री की पुरुष, याची कसलीही खूण क्रियापदावर उमटत नाही. त्यातही 'मी' आणि 'आम्ही' यांना 'ने'-'नी' सारखा कर्तृत्वाचा प्रत्ययही लागत नाही. फौजदारी न्यायाला मात्र नेमके हेच हवे असते. समान उद्देश व बेकायदेशीर जमाव यांसाठी भारतीय दंडविधानात ३४ व १४९ ही कलमे होती (१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत अनुक्रमे ३ (५) व १९०). पण त्यांनाही अमुक व्यक्ती तेथे होती, एवढे तरी सिद्ध करावे लागते. दोनशे जणींनी मिळून उच्चारलेल्या 'आम्ही'तून एकेक 'ती' वेगळी काढणे, हे अभियोगपक्षासमोरचे काम होते. ते त्याला साधले नाही.

चित्रपटाची अडचणही तीच. त्याला नायक लागतो. सार्थक दासगुप्ता दिग्दर्शित '२०० हल्ला हो' (२०२१) या हिंदी चित्रपटाने हा प्रसंग घेतला. शीर्षकात जमावाला नाव नाही, संख्या आहे, ही गोष्ट मला सूचक वाटते. वस्तीच्या दलित असण्याचा प्रश्न त्याने उघडपणे पुढे आणला, आणि 'प्रतिघात'प्रमाणे विटंबनेचे दृश्य विक्रीस मांडले नाही, याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. तरी कथानकाचा भार हळूहळू एका निवृत्त न्यायाधीशाकडे (अमोल पालेकर) आणि एका सुशिक्षित तरुणीकडे (रिंकू राजगुरू) सरकतो. दोनशे जणी पुन्हा पार्श्वभूमीला जातात. त्यांच्या वतीने बोलले जाते. पुढील वर्षी, २०२२ मध्ये, उमेश विनायक कुलकर्णी यांनी याच प्रकरणावर तीन भागांची माहितीपट-मालिका केली. तीत वस्तीतले लोक स्वतः बोलतात, आणि एकमेकांशी न जुळणारे बोलतात. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ही सामग्री '२०० हल्ला हो'पेक्षा अधिक मोलाची आहे. कारण भीतीच्या वर्षांविषयी सांगताना आणि त्या दिवसाविषयी सांगताना सर्वनामे कशी पालटतात, हे तीत तपासता येते.

येथे एक सावधगिरीची सूचना दिल्यावाचून पुढे जाता येत नाही. नागपूरच्या प्रसंगाने मन हेलावते म्हणून त्या 'आम्ही'ला आपण पवित्र मानू लागलो, तर फसगत होईल. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षुकांना जमावाने ठार मारले. तेथेही जमाव होता, तेथेही गावाला आपण आपल्या मुलांचे रक्षण करीत आहोत असे वाटत होते. गुंड मात्र तेथे कोणी नव्हता. भावे प्रयोगातले क्रियापद दोन्ही ठिकाणी सारखेच बसते. कस्तुरबानगरच्या स्त्रिया त्या माणसाला वर्षानुवर्षे ओळखत होत्या, त्यांनी आधी तक्रारी केल्या होत्या. राईनपाड्यात ओळख नव्हती, अफवा होती. हा फरक व्याकरणात सापडणार नाही. गल्लाभरू चित्रपटातही तो सापडत नाही, कारण तेथे गुंड कोण हे पहिल्या दहा मिनिटांत पार्श्वसंगीतानेच ठरवून दिलेले असते. प्रेक्षकाला ओळख पटवून घेण्याचे कष्ट पडत नाहीत. या चित्रपटांवर माझा मुख्य आक्षेप हिंसेचा नसून या आयत्या खात्रीचा आहे.

कोल्हापूरच्या वाचकास आणखी एक उणीव जाणवेल. आपल्याकडे गल्लीला नाव असते आणि गल्लीच्या संघटनेलाही नाव असते. 'तालीम' या अरबी शब्दाचा मूळ अर्थ शिक्षण. येथे तो आखाडा झाला, आखाड्यावरून मंडळ झाला, आणि मंडळावरून फुटबॉलचा संघ. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार ही नावे उच्चारताच विशिष्ट पेठेतील माणसे डोळ्यांपुढे येतात. या तालमींत सामन्याच्या दिवशी डोकीही फुटतात, ते काही लपविण्यासारखे नाही. तथापि 'आम्ही' म्हणावयाला तेथे एक नामरूप जागा आहे. मुंबईच्या पडद्यावरील 'बस्ती'ला अशी जागा जवळजवळ कधीच दिलेली नसते. तिला देऊळ असते, नळ असतो, वेडा म्हातारा असतो, पण सभा भरविण्याचे ठिकाण नसते. वस्ती असंघटित असल्याखेरीज नायकाचे काम उरत नाही, हे त्याचे साधे कारण.

ज्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना या विषयावर प्रबंधिका लिहावयाची असेल त्यांनी संवादांचे लिप्यंतर करताना नायक व खलनायक यांची वाक्ये तूर्त बाजूस ठेवावीत. ज्यांना श्रेयनामावलीत 'पडोसी', 'दुकानदार', 'बूढ़ी औरत' एवढेच म्हटलेले असते, त्यांची वाक्ये वेगळी काढावीत : कर्ता उक्त आहे की लुप्त, 'हम' असल्यास श्रोता समाविष्ट की वगळलेला, वाक्य कोणास उद्देशून आहे आणि दार उघडे असताना म्हटले आहे की लावून घेताना. यांपैकी शेवटचा रकाना भाषाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात आढळणार नाही; तो ठेवावा.